गिळलेला सूर

हार्लन ब्रेक्के किटलीसमोर उभा होता. रोज सकाळी तो असाच उभा राही: एक हात शेगडीच्या कडेवर, दुसऱ्या हातात जाड फडके, नजर किटलीच्या चोचीवर. आधी वाफेचा एक बारीक धागा निघे, मग तो जाड होई, आणि पुरता पांढरा होण्याआधीच हार्लन किटली उचलून कॉफीवर पाणी ओतू लागे. किटलीला शिटी होती, पण या घरात ती वाजलेली बऱ्याच वर्षांत कुणी ऐकली नव्हती. आपली झोप मोडू नये म्हणून नवरा इतका जपतो, असे त्याची बायको बेरिट शेजारणींना कौतुकाने सांगत असे. त्यानेही ते कधी खोडून काढले नव्हते.

खिडकीबाहेर ऑगस्ट संपत आला होता. अंगणातल्या ॲस्पनच्या एका फांदीने बाकीच्या झाडाला न विचारताच पाने पिवळी करायला घेतली होती. हार्लनने कॉफीचा घोट घेतला, शेगडीजवळचे बूट उचलले आणि त्यांच्या शिवणींत बोटाने मेण भरू लागला. मेण कालही भरून झाले होते. परवाही. पण जूनमध्ये लॉटरीचा निकाल लागल्यापासून त्याच्या हातांना स्वस्थता अशी नव्हतीच.

परवाना लागला होता तो मुलीला, मार्नीला. डोंगराच्या या पट्ट्यात एल्कचा नर मारण्याचा खास परवाना. दरवर्षी मूठभर लोकांना मिळणारा. घोड्याच्या तोडीचे ते हरीण, डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगे. हार्लनने स्वतः आयुष्यभर अर्ज केले आणि हात हलवत परतला. मार्नीला दीड तपानंतर तो मिळाला होता, आणि एकदा मिळाला की दुसऱ्यांदा मिळण्याची आशा सोडूनच द्यायची असते. त्यातून मार्नी धनुष्याने शिकार करणारी. म्हणजे नर हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर यायला हवा. तो तसा येतो कधी, तर सप्टेंबरात, माजावर असताना, मागे झाडीत बसलेल्या कुणीतरी दुसऱ्या नराची हुबेहूब साद घातली तर. मागे बसणारा तो कोण, हा प्रश्न घरात निघालाच नव्हता. तो हार्लनच असणार होता.

दार धाडकन उघडले.

"बाबा! अजून बूटच? अरे, त्या बुटांना तरी विचार, बास झालं का म्हणून." मार्नी आत आली. सेहेचाळीस वर्षांची, आठवडाभर खेड्यापाड्यांतून टपाल वाटून उन्हाने रापलेली, आणि आज सुट्टीच्या दिवशी शाळकरी मुलीसारखी लाल झालेली. काखेत नकाशाची गुंडाळी होती. मागोमाग हार्लनचा पुतण्या डॅरेल. त्याच्या खांद्यावर नव्या वस्तूंनी फुगलेली पिशवी होती. बाजारात शिकारीचे जे काही नवे येई ते सगळ्यांत आधी डॅरेलकडे येई, आणि सगळ्यांत आधी मोडेही.

मार्नीने लोण्याची बशी बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला. दोन्ही तळवे त्यावर टेकवले.

"आता बोल. सोरेल खोरं, की पूर्वेचे उतार?"

सोरेल खोरे म्हणजे फरच्या झाडांचे दाट रान. वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. खेचरांवर सामान लादून दोन मुक्काम करत आत शिरायचे, आणि मग सारी भिस्त कानांवर. पूर्वेचे उतार उघडे, खुरट्या झुडपांचे. एका टेकाडावर बसून दुर्बिणीने अख्खा मुलूख पाहता येतो. मोठे नर खोऱ्यातच असतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

हार्लनने मेणाचे बोट पँटला पुसले आणि पूर्वेवर टेकवले.

"उघड्यावर?" मार्नीने मान वर केली. "बाबा, तूच म्हणायचास ना, एल्क रानात ऐकायचा असतो, माळावर शोधायचा नसतो?"

"तेव्हा दुर्बिणी भिकार होत्या."

"कबूल करा ना काका," डॅरेल म्हणाला, "गुडघे बोलायला लागलेत. खोऱ्याचा चढ आठवला की घाम फुटतो."

"तुझ्याआधी वर पोचेन. तू येईपर्यंत कॉफी करून ठेवीन."

"तुमच्या कॉफीपेक्षा ओढ्यातला गाळ बरा!"

बेरिट झोपेच्या झग्यातच येऊन दारात उभी राहिली होती. ती हसली. मार्नीही हसली, पण तिचे बोट नकाशावरच्या हिरव्या खोऱ्यावरून उठायला तयार नव्हते. ते तिथे क्षणभर घुटमळले. मग तिने नकाशा गुंडाळला.

"ठीक. साद तू घालणार, तर जागाही तूच ठरवायची. तू म्हणशील तिथे."

हार्लनने पुन्हा बूट उचलला.

एल्कची साद खालून घोगरी उठते, चढत चढत शिटीइतकी बारीक होते, वरच्या टोकाला थरथरते आणि मग एकदम कोसळून दोन-तीन हुंकारांत संपते. डोंगर ओलांडून येते ती शिटी. हुंकार जवळच्यालाच ऐकू येतात. लाकूड कापायच्या गिरणीत फिरत्या पात्यांशेजारी हार्लनची उमर गेली होती. आधी रातकिडे गेले. मग किटली. आणि चार-एक हिवाळ्यांपूर्वी, एका पहाटे, डोंगरच्या डोंगर त्याच्यापुरता मुका झाला. खालचे सूर राहिले: माणसांचे बोलणे, ट्रकचे इंजिन, डॅरेलचे हसणे. वरचे सगळे कुणीतरी कापून नेल्यासारखे गेले.

हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. बेरिटला कळले असते तर मार्नीला कळले असते, आणि मार्नीला कळले असते तर साद घालायची नळी डॅरेलच्या हातात गेली असती. डॅरेलची साद ऐकून एल्क सोडा, गाभण गायसुद्धा वळून पाहत नसे. निदान हार्लन स्वतःशी असे म्हणत असे.

तिघे सामान घ्यायला तालुक्याच्या गावी गेले. दुकान हरणांच्या शिंगांनी आणि माणसांनी गच्च भरले होते. हंगाम तोंडावर आलेला. जो तो काहीतरी उचलून, वाकवून, ओढून पाहत होता, आणि ओळख नसलेली माणसेही एकमेकांना सल्ले देत होती. मार्नीचा परवाना कळताच दोघा-तिघांनी येऊन तिचा हात हातात घेतला, जणू तिला मुलगा झाला होता.

डॅरेलने बॅटरीवर तापणारे मोजे शेल्फवरून काढले.

"काका, पाय शेकत शेकत शिकार!"

"ठेव ते. परत येताना पाठीवर मांस असतं, डॅरेल. सत्तर-ऐंशी पौंड मांस आणि उभा उतार. त्या वेळी जे फेकून द्यावंसं वाटत नाही, तेवढंच घ्यायचं."

"मग तुम्हालाही न्यायचं की नाही, विचार करायला हवा."

मार्नी खिदळली. तिने मांस बांधायच्या सुती पिशव्या घेतल्या, विणीला नीट हवा खेळते ना हे उजेडाकडे धरून पाहिले. भारी पाठपिशवीचे पट्टे कमरेवर आवळले, डॅरेलला त्यात बसायला सांगितले आणि त्याने खरेच बसायचा प्रयत्न केल्यावर दोघेही शेल्फवर आदळले. हार्लनने चाकूची धार अंगठ्याच्या नखावर तपासली. तो खुशीत होता. इतका खुशीत तो किती वर्षांत आला नव्हता, आणि ते त्याचे त्यालाही कळत होते.

"बाबा, हे जॅकेट. पाऊस आत येत नाही म्हणतात. वाजतं का बघ."

हे घरात ठरलेलेच होते. अंगावरचा कपडा रानात सळसळला तर माणूस दिसण्याआधीच एल्क पोबारा करतो. म्हणून कोणताही कपडा घेण्यापूर्वी हार्लन त्याची बाही कानाशी धरून चोळी. त्याने 'गप्प आहे' म्हटले की वस्तू घ्यायची. त्याने बाही कानाशी नेली, डोळे किंचित मिटले, चोळली.

"गप्प आहे. घे."

हार्लनने डोळे उघडले तेव्हा डॅरेलचे तोंड उघडे होते.

"काका! चिप्सचं पाकीट फोडल्यासारखं वाजतंय ते! तिकडे काउंटरवरच्या बाईनं वळून पाहिलं!"

"मग बघत होतो," हार्लन म्हणाला, "तुम्हा दोघांपैकी कुणाचे कान शाबूत आहेत ते." त्याने जॅकेट परत टांगले. ते टांगायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. "डॅरेल पास. मार्नी, तू मात्र घ्यायलाच निघाली होतीस."

मार्नी हसली. एका क्षणाने उशिरा.

दुर्बीण त्याने त्यानंतर लगेच घेतली. दुकानातली सर्वांत उत्तम, गेले दोन महिने मनात घोळवलेली. काच पारखायला त्याने ती खिडकीतून रस्त्यापलीकडे रोखली. पलीकडच्या इमारतीवरची पाटी एकदम अंगावर आली, अक्षर न् अक्षर कोरल्यासारखे: कानांची तपासणी, आत या. त्याने घाईने दुर्बीण वर, डोंगराकडे वळवली.

"कशी आहे?" मार्नीने विचारले.

"डोळ्यांना आणखी काय हवं?" तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी मार्नीने हट्टच धरला. शिकार पूर्वेला करू, पण एकदा खोऱ्याच्या तोंडापर्यंत तरी जाऊन येऊ. नर बोलायला लागलेत म्हणतात, नुसतं बघू, नुसतं ऐकू. डॅरेलला कामावर जायचे होते. हार्लनला नाही म्हणायला कारण सापडले नाही.

उजाडता उजाडता दोघे रानात शिरले. फरच्या खालच्या फांद्यांवर पांढरे दहिवर जमले होते. मार्नी पुढे, हार्लन मागे, आणि त्याचे पाऊल पूर्वीसारखेच अजिबात न वाजणारे. डॅरेल गुडघ्यांबद्दल जे म्हणत असे ते खोटे होते. एका मोकळ्या जागेच्या कडेला थांबून तिने पाठीवरची नळी काढली. ती हार्लननेच बनवली होती, मार्नी बारा वर्षांची असताना, बेरिटच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी कापून. बेरिट आजही त्या व्हॅक्यूम क्लीनरची आठवण काढी. मार्नीने नळी ओठांना लावली, गाल भरले, मान हळूहळू मागे नेली. हार्लनला आधीचा घोगरा सूर ऐकू आला. नंतर तिच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या. नंतर तिने नळी खाली घेतली.

"मस्त," त्याने ओठ हलवले.

तिने एकदम त्याचे मनगट घट्ट धरले. डोळे चमकत होते. उत्तर आले होते. हार्लनने ऐकल्यासारखी मान हलवली. त्याला काही ऐकू आले नव्हते. मग, अगदी शेवटी, झाडांच्या पलीकडून हुंकाराचे एक पुसट टोक त्याच्यापर्यंत पोचले, भिंतीपलीकडे कुणी खाकरावे इतके.

"किती लांब?" ती श्वासात म्हणाली.

इतका पुसट म्हणजे लांबच, असे हार्लनने धरले. "पलीकडच्या सोंडेवर. चल, ओढ्यापर्यंत सरकू. मग तिथून बोलू त्याच्याशी."

तिने त्याच्याकडे पाहिले. ओठ उघडले, मिटले. मग ती त्याच्यामागे चालू लागली.

मोकळ्या जागेच्या मध्यावर ते पोचले न पोचले तोच समोरची झाडी फुटली. नर तिथेच होता, तीस-चाळीस पावलांवर. त्यांच्याकडेच चालत येत होता. हार्लनला दिसली मानेवरची ओली काळी आयाळ, नाकपुड्यांतून निघालेली वाफ, आणि ज्याची त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती ते शिंगांचे झाड. मग ते सगळे एका गिरकीत वळले आणि फांद्या मोडत उतारावरून खाली गेले. तो आवाज त्याला ऐकू आला. तो बराच वेळ ऐकू येत राहिला.

मार्नीने तोंडावर हात ठेवला होता. खाली घेतला तेव्हा ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय धूड होतं रे! बाबा, पाहिलंस? बाप रे, बाप रे!" मग त्याचा चेहरा पाहून म्हणाली, "वाऱ्यानं फसवलं. वारा असा फिरला की जवळचंही लांबचं वाटतं."

वारा नव्हता. फांद्यांवरच्या दहिवराचा एक कणही हलत नव्हता.

ते एका पडलेल्या झाडावर बसून सँडविच खाऊ लागले. मार्नी नराचे वर्णन पुन्हा पुन्हा करत होती, दोन्ही हात डोक्यावर नेऊन शिंगे दाखवत होती. मग जरा शांत झाली. नळी मांडीवर फिरवत म्हणाली,

"तुला एक सांगू? हसायचं नाही. लहानपणापासून माझी साद ऐकली की तुझं एकच. 'शेवट गिळतेस.' वरचा सूर धरवत नाही, गिळून टाकतेस. गाडीत तेच, अंगणात तेच, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तू तेच म्हणालास, आठवतं?"

"आठवतं."

"आणि मग तीन-चार वर्षांपूर्वी तू एकदम 'मस्त' म्हणायला लागलास. प्रत्येक वेळी. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला मिठी मारली. म्हटलं, पास झाले बाबा एकदाची." ती नळीच्या टोकाकडे पाहत होती. "परवाना लागला ना, तेव्हासुद्धा आधी तेच मनात आलं. बरं झालं, आता साद येते आपल्याला."

हार्लनच्या तोंडात घास होता. तो त्याने बराच वेळ चावला. मग उरलेल्या सँडविचचा कागद पुन्हा नीट गुंडाळला, कडा दुमडल्या, आणि खिशात ठेवला.

"निघूया," तो म्हणाला.

सोमवारी बेरिटला टायर दाखवून आणतो असे सांगून तो तालुक्याच्या गावी गेला. दुकानात काउंटरवर दुर्बिणीचा डबा ठेवला.

"काही बिघाड?" काउंटरवरच्या बाईने विचारले.

"काही नाही. फार चांगली आहे."

"मग?"

"माझा रोख चुकला होता," हार्लन म्हणाला. रस्ता ओलांडताना एका ट्रकला त्याच्यासाठी थांबावे लागले.

कान तपासणारी मुलगी तिशीचीही नसेल. तिने त्याला एका बंद खोलीत बसवून हातात बटण दिले. सूर ऐकू आला की दाबायचे. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग अंगठा बटणावर नुसताच राहिला. काचेपलीकडे तिचा हात यंत्रावर फिरत असलेला त्याला दिसत होता, आणि खोलीत काहीच नव्हते.

बाहेर आल्यावर तिने कागदावरची उतरती रेघ त्याला दाखवली. "बहुतेक जण नातवंडांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून येतात. तुम्हाला विशेष काय ऐकायचं आहे?"

हार्लनने टोपी हातात फिरवली. "एल्क," तो म्हणाला, आणि ती हसेल म्हणून थांबला.

ती हसली नाही. तिने रेघेच्या खोल गेलेल्या टोकावर पेनने खूण केली. "माझ्या वडिलांनी यायला सात हंगाम लावले होते. तुमचे गेले किती?"

"चार."

"मग फार नाही बिघडलं. शिकारीला कधी जायचंय?"

"पंधरवड्यात."

"त्याआधी कानातली यंत्रं देते," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी ती कानांत घालून परतताना ट्रकमधून इतके आवाज निघत होते की त्याने दोनदा गाडी कडेला घेतली. खिळखिळी झालेली काच. चावीच्या जुडग्यातल्या चाव्या. टोपी कानांवर ओढून तो अंगणात शिरला तेव्हा मार्नीची गाडी उभी होती, आणि ती नेहमीप्रमाणे कोठारामागे सराव करायला गेली होती. त्याने तिला हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला. आतून बेरिटने कॉफीचा कप आणून दिला.

"झाला का टायर?"

"झाला."

कोठारामागून साद उठली. घोगरी, खालून. मग चढली. हार्लनचा कप ओठांपाशी थांबला. ती चढतच होती. कोठाराच्या छपरावर, ॲस्पनच्या वर, पातळ, रुपेरी, थरथरती. आणि अगदी टोकाशी पोचता पोचता फाटली आणि कुणीतरी घशात ओढून घेतल्यासारखी नाहीशी झाली.

त्याने कप खाली ठेवला.

"शेवट गिळतेस!" तो ओरडला.

कोठारामागे सगळे शांत झाले. मग मार्नी कोपऱ्यावरून पुढे आली. नळी तिच्या हातात लोंबत होती. तिने त्याच्याकडे पाहिले. मग कानांवर ओढलेल्या टोपीकडे. मग बराच वेळ जमिनीकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते रडणे आहे की हसणे, हे बेरिटला दारातून कळेना.

"खरंच?" मार्नी म्हणाली.

"साफ गिळतेस. पहिल्यापासून गिळतेस." हार्लनने टोपी काढली नाही. "डॅरेलला सांग, खेचरं ठरवून टाक. सोरेल खोऱ्यात जायचंय. आणि अशी तोंडाकडे काय बघतेस? जा, पुन्हा वाजव."

ती वळली, आणि कोठाराकडे जाताना तिची पावले भराभर पडू लागली. आत शेगडीवर कसलीशी बारीक, लांबलचक शिटी वाजायला लागली होती.

"बेरिट," मागे न वळता हार्लन म्हणाला, "किटली."

बेरिट किटलीकडे न जाता त्याच्या कानांवरच्या टोपीकडे पाहत राहिली. कोठारामागून साद पुन्हा चढली, टोकाशी पोचली आणि पुन्हा फाटली. हार्लनने समाधानाने मान हलवली.

"पुन्हा!"